कुंडल ते स्टुटगार्ट: परदेशात गाडी चालवताना नेमकं काय बदलतं?

हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, ऐकायला वेळ नाही म्हणून हे वाचत असाल तर तेही चालेल. फक्त गाडी चालवता चालवता वाचू नका, एवढीच विनंती. आजचा विषयच तो आहे.

मी मूळचा कुंडलचा. पलूस तालुका, सांगली जिल्हा. बीटेक केलं, पुण्यात नोकरी केली आणि आता जर्मनीत स्टुटगार्टजवळ सॉफ्टवेअरचं काम करतो. गाडी मात्र शिकलो ती आपल्याच रस्त्यावर. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, मधून डबल ट्रॉली आणि मागं आपली ओम्नी. सीझनमध्ये क्रांती कारखान्याकडं जाणाऱ्या रांगेतून ज्यानं गाडी बाहेर काढली, त्याला वाटतं की आता जगात कुठंही सोडा, आपण गाडी चालवू.

गेल्या काही महिन्यांत मला गावाकडच्या पोरांचे बरेच मेसेज आले. "दादा, जर्मनीत ड्रायव्हर पाहिजेत म्हणे, खरं का?" "मी चार सीझन ट्रॉली ओढलीय, तिकडं जमेल का?" या चर्चेमागं कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. त्या करारात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्याबरोबर बस-ट्रकचे चालकही आहेत. म्हणजे हा विषय आता फक्त आयटीवाल्यांचा राहिलेला नाही. म्हणून आज सविस्तर बोलतो.

बाजू बदलणं हा छोटा भाग

सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात: तिकडं उजव्या बाजूनं गाडी चालवायची, डोकं गरगरत नाही का?

सुरुवातीला गरगरतं. गियर टाकायला गेलं की डावा हात दाराला लागतो. आपल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजवीकडं असते, तिकडं डावीकडं. त्यामुळं कोरड्या रस्त्यावर वायपर फिरवत वळणारा माणूस दिसला की ओळखायचं, नवीन आलाय! क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर मात्र त्याच क्रमानं असतात, तेवढा दिलासा. एक सोपी खूण लक्षात ठेवायची: आपल्याकडं काय आणि तिकडं काय, ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो. तुम्ही कडेच्या गवताशेजारी बसलेले असाल तर गाडी चुकीच्या बाजूला आहे.

धोका गर्दीत नसतो. गर्दीत पुढच्याच्या मागं मागं जाता येतं. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो. पहाटे, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना. समोर कुणी नसलं की शरीर आपोआप जुन्या सवयीवर जातं. आणि चालत रस्ता ओलांडतानाही हेच. आपली मान आधी उजवीकडं वळते, तिकडं जवळची गाडी डावीकडून येते.

तरी माणूस हे पटकन शिकतो. आख्खे देश शिकलेत. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडं नेली. एका दिवसात, सगळ्या देशाची. सामोआ नावाच्या छोट्या बेटाच्या देशानं २००९ मध्ये उलटं केलं. उजवीकडून डावीकडं आले, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात. म्हणजे बाजू बदलणं ही पंधरा दिवसांची गोष्ट आहे. त्यानंतर खरा अभ्यास सुरू होतो.

आपण डोळ्यांनी बोलतो, ते पाटीवर वाचतात

आपल्याकडं गाडी चालवणं म्हणजे बोलणी करणं असतं, बघा. कारखान्याकडं वळणाऱ्या फाट्यावर चारी बाजूंनी गाड्या आल्या, तर आधी कोण जाणार? ज्याची गाडी मोठी तो. किंवा ज्यानं आधी नाक घातलं तो. किंवा ओळखीचा निघाला तर, "जा जा, पुढं हो." आपण समोरच्याचे डोळे बघतो, हात बघतो, चाक कुठं वळलंय ते बघतो आणि सेकंदात ठरवतो. हे खरंच कौशल्य आहे. त्याला कमी लेखू नका. जर्मन माणसाला आपल्या फाट्यावर सोडलं तर तो संध्याकाळपर्यंत तिथंच उभा राहील.

पण हे कौशल्य तिकडं कामाला येत नाही. उलट आडवं येतं.

तिकडच्या गल्लीतल्या चौकात सिग्नल नसतो, पोलीस नसतो, बऱ्याचदा पाटीही नसते. तिथं एकच नियम: "रेश्ट्स फोर लिंक्स", म्हणजे डाव्याच्या आधी उजवा. तुमच्या उजव्या हाताच्या रस्त्यानं जो येतोय, तो आधी जाणार. त्याची गाडी छोटी, तुमची मोठी, तरी तोच. तुम्ही रुंद रस्त्यावर आहात, तो बोळातून येतोय, तरी तोच. त्यामुळं तो तुमच्याकडं बघतही नाही. सरळ येतो. तुम्ही थांबणार हे त्यानं धरलेलंच असतं.

आपल्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच. थांबणं जमतं. आपण दोन-चार दिवसांत थांबायला शिकतो. अवघड असतं ते जाणं! आपली पाळी असेल तेव्हा न थांबता, न कचरता जायचं. डावीकडून भरधाव गाडी येताना दिसते आणि आपलं मन सांगतं, हा काय थांबत नाही, आपणच थांबू. आपण ब्रेक मारतो आणि मागचा आपल्यावर येऊन आदळायची पाळी येते. परीक्षेतसुद्धा विनाकारण कचरत गाडी चालवली तर ते विरोधात जातं.

माझे इन्स्ट्रक्टर साठीचे गृहस्थ होते. मी सवयीप्रमाणं एका बाईंना हात करून "जा तुम्ही आधी" म्हटलं, पाळी माझी होती. ते शांतपणे म्हणाले, "इथं चांगुलपणा दाखवू नकोस. लिहिलंय तेवढं कर, म्हणजे तू काय करणार ते बाकीच्यांना आधीच कळतं." मला ते वाक्य सॉफ्टवेअरच्या भाषेत लगेच समजलं. दोन सिस्टिम एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघींनी ठरलेला प्रोटोकॉल पाळायचा असतो. एकीनं मनानं जास्तीची मदत केली की दुसरी अडकते.

आता गंमत ऐका. हा उजव्याला आधी जाऊ देण्याचा नियम आपल्याकडंही आहे. १९८९ च्या आपल्या रस्ता-नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की, चौकात मुख्य रस्त्याची पाटी असेल तर मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्या, नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनांना. लर्निंग लायसन्सच्या पुस्तकात आपण हे पाठ केलं, परीक्षेत टिक केलं आणि आरटीओच्या कॅम्पमधून बाहेर पडताना तिथंच सोडून आलो.

तीच खूण, वेगळा अर्थ

आपण आपली भाषा नकळत घेऊन जातो. हॉर्न घ्या. आपल्याकडं हॉर्न म्हणजे "मी आहे बरं का." ट्रकच्या मागं लिहिलेलंच असतं, हॉर्न वाजवा. तिकडं गावात हॉर्न फक्त धोका असेल तेव्हाच. विनाकारण वाजवला तर समोरच्याला ती शिवी वाटते.

डिपर घ्या. आपल्याकडं समोरच्यानं डिपर मारला की अर्थ होतो, "मी येतोय, तू थांब." तिकडं बऱ्याचदा लोक डिपर मारतात तेव्हा म्हणायचं असतं, "मी थांबलोय, तू जा." विचार करा, एकानं "जा" म्हटलं आणि दुसऱ्यानं "थांब" ऐकलं तर फक्त वेळ जाईल. पण उलटं झालं तर? म्हणून डिपरवर कधीच विसंबायचं नाही, पाटीवर विसंबायचं.

चारही इंडिकेटर घ्या. आपल्याकडं चौकात सरळ जायचं म्हणून लोक चारही लावतात. तिकडं चारही लागले म्हणजे गाडी बंद पडलीय किंवा पुढं ट्रॅफिक अचानक थांबलाय. स्टॉपवर उभ्या बसनं चारही लावले असतील तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी चालण्याच्या वेगानं जायचं, कारण पोरं उतरून कुठूनही पळत येतात.

आणि मान! आपण आरशावर गाडी चालवतो, काही जण तर आरसे मिटवूनच. तिकडं लेन बदलताना, वळताना, खांद्यावरून मागं वळून बघायचं असतं. त्याला "शुल्टरब्लिक" म्हणतात. कारण उजवीकडं वळताना सायकलवाला सरळ जाणार असतो, त्याचा हक्क आधी असतो आणि तो आरशात दिसत नाही. सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं, हा कायदाच आहे.

ते जन्मानं शिस्तीचे नाहीत

इथं कुणीतरी म्हणणारच, "अहो, ती माणसंच वेगळी. आपल्या लोकांना शिस्त नाही." मला हे वाक्य अजिबात पटत नाही. आकडे बघू.

१९७० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून रस्त्यावर २१ हजारांहून जास्त माणसं मेली. एका वर्षात. तेव्हाचा जर्मन माणूस पट्टा लावत नव्हता, दारू पिऊन गाडी चालवत होता आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर वाटेल त्या वेगानं जात होता. मग पश्चिम जर्मनीनं एक एक गोष्ट केली. १९७२ मध्ये गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांना १०० ची मर्यादा. १९७३ मध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा कमी. १९७६ मध्ये पुढच्या सीटला पट्टा सक्तीचा. तरी सगळे लावेनात! कारण दंड नव्हता. १९८४ मध्ये ४० मार्कांचा दंड आला आणि बघता बघता जवळपास सगळ्यांनी पट्टा लावला. पुढं रस्ते, गाड्या, दवाखाने, सगळंच सुधारत गेलं.

२०२२ मध्ये जर्मनीत रस्त्यावर २,७८८ माणसं मेली. १९७० पेक्षा गाड्या कितीतरी जास्त, मृत्यू सातव्या-आठव्या हिश्श्यावर. त्याच २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसं मेली. आपली लोकसंख्या त्यांच्या साधारण सतरापट, पण मृत्यू साठपट.

हा १,६८,४९१ आकडा ऐकून सोडून देऊ नका. त्यात आपल्या तालुक्यातली माणसं आहेत. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून धडकलेला दुचाकीवाला आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी आहे.

लायसन्स: इथं नीट लक्ष द्या

आता ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट. आपलं भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं. सोबत त्याचं भाषांतर किंवा आरटीओकडून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट लागतं. गोंधळ इथंच होतो. त्या परमिटवर एक वर्षाची मुदत असते. पोरांना वाटतं, वर्षभर चिंता नाही. तसं नाही. परमिट वर्षाचं असलं तरी तिथं राहणाऱ्याला हक्क सहा महिन्यांचाच. सातव्या महिन्यात गाडी चालवली तर ते विनालायसन्स धरलं जातं, आणि तिकडं तो साधा दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे. नोकरी आणि व्हिसावर गेलेल्या माणसाला हे परवडणारं नाही.

दुसरी. लायसन्स जायच्या आधी काढलेलं पाहिजे. तिकडं राहायला लागल्यावर सुट्टीत येऊन सांगलीत काढलं, तर ते तिथं धरत नाहीत. लर्निंग तर मुळीच नाही.

तिसरी. सहा महिन्यांनंतर तिथलं लायसन्स घ्यायचं तर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. डोळे तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्सही लागतो. आपल्याकडं आधीचं लायसन्स असल्यामुळं ड्रायव्हिंग स्कूलच्या ठरलेल्या सक्तीच्या तासांतून सूट मिळते, पण परीक्षेला इन्स्ट्रक्टर आणि त्याची गाडी लागतेच. चार-सहा तास पैसे भरून शिका, कंजुषी करू नका.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात, ते हजाराहून जास्त प्रश्नांतून निघतात. चुकीला गुण लागतात आणि १० पेक्षा जास्त झाले की नापास. परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. प्रत्यक्ष परीक्षा सगळं धरून ५५ मिनिटांची. परीक्षक मागं बसतो, इन्स्ट्रक्टर शेजारी. इन्स्ट्रक्टरला त्याच्या बाजूचा ब्रेक मारावा लागला की खेळ संपला.

चौथी, ट्रॉली ओढणाऱ्या पोरांसाठी. ट्रक-बससाठी लायसन्सचा वर्ग वेगळा आणि पोटापाण्यासाठी चालवायचं तर व्यावसायिक चालकाची पात्रताही वेगळी लागते. त्याच्याही आधी जर्मन भाषा. म्हणून कुणी एजंट म्हणाला, "लायसन्स आहे ना? बस, तीन लाख भर, पुढच्या महिन्यात ट्रकवर," तर तिथूनच मागं फिरा. तुमचा हात चांगला आहे, यात शंका नाही. डबल ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्याला गाडीचा अंदाज शिकवावा लागत नाही. पण तिकडं हातापेक्षा नियमाची परीक्षा आधी होते. त्याची तयारी घरी बसून, फोनवर, आजपासून करता येते. आणि नियम बदलत असतात, त्यामुळं निघण्याआधी तिथल्या कार्यालयाकडून एकदा खात्री करून घ्या.

आणि गावात काय करायचं?

जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी हा भाग, आणि माझ्या मते हाच महत्त्वाचा.

जर्मनीत हायवेवर ट्रॅफिक मंदावला की एक गोष्ट घडते. डाव्या लेनमधले सगळे डावीकडं सरकतात, बाकीचे सगळे उजवीकडं, आणि मधून एक रिकामी वाट तयार होते. ॲम्ब्युलन्स अजून आलेली नसते, सायरनही नसतो. पुढं कुणीतरी जखमी असेल, एवढ्या अंदाजावर शेकडो अनोळखी माणसं एकदम सरकतात. न सरकणाऱ्याला २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी बंद, हेही खरंय. दंडानं सुरुवात झाली असेल, पण आता ती सवय आहे.

आपण हे करू शकत नाही का? आपलं कुंडल प्रतिसरकारचं केंद्र होतं. १९४३ ते ४६ या काळात इंग्रजांच्या कोर्टात न जाता गावागावांतली न्यायदान मंडळं निवाडे करत होती आणि लोक ते मानत होते. वरून कुणी दंडुका घेऊन उभं नसताना नियम पाळणं आपल्या गावाला नवीन नाही.

तर या सीझनला चार गोष्टी करू. एक, ट्रॉलीच्या मागं लाल रेडियमची पट्टी. किंमत एका पोत्याच्या भावाएवढीही नाही. आणि ऊस भरल्यावर वाढ्याखाली ती झाकली जाणार नाही, अशी लावायची. दोन, ट्रॉली पंक्चर झाली तर चाकाला लावलेले दगड निघताना उचलून कडेला टाकायचे. तिकडं गाडीत त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट ठेवणं सक्तीचं आहे, आपण दगड उचलले तरी रात्री एखाद्याचा जीव वाचेल. तीन, मागच्या सीटवरही पट्टा. आपल्याही कायद्यात तो आहेच. चार, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. तो दचकेल. एक-दोनदा मागचे शिव्या देतील. देऊ द्या.

घरात ट्रॅक्टर असेल त्यांनी हा एपिसोड ड्रायव्हरमामांना ऐकवा. ते बारा-बारा तास जागे राहून ऊस पोचवतात, त्यांना शहाणपण शिकवायला नको, पण रेडियमची पट्टी आपल्या खर्चानं नेऊन द्यायला काय हरकत आहे?

लायसन्सबद्दल प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू. तोवर सावकाश जा, पट्टा लावा. भेटू!